भिंतीचे पैसे

हसनाबाद म्हटलं की ऑफिसमधल्या आमच्या बंगाली दोस्ताचे डोळे चमकतात. त्यांच्याकडेही एक हसनाबाद आहे, सुंदरबनच्या वाटेवर, लोकलचं शेवटचं स्टेशन. माझं हसनाबाद त्यामानाने अगदीच कोरडं. जिल्हा जालना, तालुका भोकरदन. माझं आजोळ. लहानपणी मे महिन्याची सुट्टी म्हणजे हसनाबाद, आणि हसनाबाद म्हणजे मामा, हे समीकरण पक्कं होतं.

तर मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी, म्हणजे माझ्या दृष्टीने पहाटे, मामांचा फोन आला.

"झोपला होता का?"

"नाही मामा, बोला ना." (खोटं.)

"तुमच्या कंपन्यांमधी ते सीएसआर का काय राहतं ना, त्याचं बघ जरा. शाळेची भिंत रंगवायची हाये."

मामा निवृत्त शिक्षक. निवृत्त म्हणजे फक्त पगार बंद झालेला, बाकी शाळेत येणं-जाणं चालूच. शाळेची रस्त्याकडेची कंपाऊंडची भिंत चांगली लांब आहे. तिच्यावर गावाचीच चित्रं काढायची आणि विषय पोरांनी ठरवायचे अशी कल्पना होती. पोरांनी यादी केलीसुद्धा: पोळा, मोसंबीची बाग, आठवडी बाजार, टँकरमागे धावणाऱ्या घागरी, आणि एका चौथीतल्या कार्टीने सुचवलेलं 'आमच्या आजीचं घर पाडलं तो दिवस'. मला यादी ऐकूनच भिंत आवडली.

आता सीएसआरची गंमत अशी की तो काही कंपन्यांचा मनाचा मोठेपणा नाही, कायदा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. म्हणजे पैसा आहे आणि तो खर्च करणं भाग आहे. मी एका ठिकाणी (कुठे ते जाऊ द्या) चौकशी केली तर सात पानी फॉर्म आला. लाभार्थी किती, परिणाम कसा मोजणार, चित्रांचा विषय मंजूर यादीतल्या कोणत्या थीममध्ये बसतो, लोगोचा आकार भिंतीच्या किती टक्के असेल. थीमच्या यादीत स्वच्छता होती, पाणी बचत होती, डिजिटल साक्षरता होती. पोळा नव्हता. आजीचं पाडलेलं घर तर नव्हतंच. आणि सगळं काम ३१ मार्चच्या आत.

मामांना हे सांगितल्यावर ते दोन सेकंद गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे भिंत आपली, पोरं आपली, अन् चित्रं त्यांची?"

"तसं नाही मामा, पण..."

"राहू दे. वर्गणी करू."

फोन ठेवल्यावर झोप तर उडालीच होती. चहा घेतला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. भिंत रंगवायला पैसे मागणारे आपण काही पहिले नाही. हसनाबादहून भोकरदन, सिल्लोड करत निघालं की अजिंठा काही लांब नाही. मग तिथल्या भिंतींचे पैसे कोणी दिले होते? आपल्याला शाळेत 'वाकाटक काळात अजिंठ्याची लेणी कोरली गेली' असं एका वाक्यात उरकून टाकलेलं असतं. जणू 'काळ' नावाचा कोणी कंत्राटदार होता. पण पगार कोण देत होतं? निळा रंग कोणाच्या खिशातून आला? पुढचे तीन वीकएंड त्यात गेले. त्यातलं जे सापडलं ते सांगतो.

सुरुवात भोकरदनपासूनच करावी लागेल, कारण या गोष्टीत आमच्या तालुक्याला मानाचं पान आहे. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. आज केळना नदीकाठचं धुळीचं तालुक्याचं गाव दिसतं, पण सातवाहन काळात ही बऱ्यापैकी श्रीमंत पेठ होती. पैठणहून उत्तरेकडे, उज्जैन-विदिशेकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांच्या टापूतलं गाव. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली. इथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली आहे, आणि तिची बहीण शोभेल अशी मूर्ती मिळाली ती थेट इटलीत, पॉम्पेईत! इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत. आमच्या तालुक्याचं एक्स्पोर्ट मार्केट कुठवर होतं बघा. आम्ही आता ऑनसाईटला गेलो की गावात पेढे वाटतो.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सांची आणि भारहूत इथल्या दानलेखांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख येतो. मध्य प्रदेशातल्या स्तूपाच्या कठड्याला आमच्या तालुक्यातून वर्गणी गेली होती, दोन हजार वर्षांपूर्वी. सांचीच्या स्तूपाचा कठडा 'अमुक राजाने बांधला' असा नाहीच मुळी. त्या कठड्याच्या दगडादगडावर शेकडो छोटे छोटे लेख आहेत. कोणी भिक्षुणी, कोणी वाणी, कोणाची आई, कोणाची सून. मजकूर साधारण एकच: अमक्या गावच्या अमक्याचं दान. दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी आम्ही हे कोरीव काम केलं असं लिहून ठेवलंय. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुकादम, वासिष्ठीचा मुलगा आनंद, याचं नाव आहे. राजाचा माणूस आणि पेठेतले कारागीर एकाच तोरणावर. गणपती मंडळाच्या वर्गणीच्या फलकावर आमदारसाहेब आणि कटिंग सलूनवाले शेजारी शेजारी असतात ना, तसं.

हाच प्रकार आपल्याकडच्या जुन्या लेण्यांत दिसतो. कन्नडजवळच्या पितळखोऱ्यात पैठणच्या एका अत्तरविक्या गांधिक कुटुंबाचं दान आहे. आणि अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात तर मला अगदी हवं तेच मिळालं. हे चैत्यगृह अजिंठ्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक, इसवी सनापूर्वीचं. त्याचं 'घरमुख', म्हणजे दर्शनी भाग, वासिष्ठीपुत्र कटहादी नावाच्या माणसाने दिला. आत धर्मदेव नावाच्या प्रव्रजिताचं दान आहे. आणि कान्हक नावाच्या एकाने दिली 'भिती'.

भिती म्हणजे भिंत. कान्हक काय म्हणत असेल घरी जाऊन? "भिंत दिली." एवढंच. आता नेमकी ती किती भिंत, खडक तासायचे पैसे की वरच्या कामाचे, यावर पंडितांना वाद घालू द्या. मला त्यात दिसतं ते असं की एवढं मोठं काम मॉड्यूल पाडून वाटून दिलेलं आहे. एकाने दर्शनी भाग घ्यायचा, एकाने भिंत. शेजारच्या बाराव्या लेण्यात घनामदद नावाच्या व्यापाऱ्याने खोल्यांचं दान दिलंय. कोणा एकाच्या खिशावर अख्खा प्रोजेक्ट नाही.

बरं, दान दिलं, भिंत झाली, चित्रं झाली. पुढे काय? दरवर्षीच्या खर्चाचं काय? भिक्षूंना कापडं लागतात, दिव्याला तेल लागतं, पावसाळ्यानंतर डागडुजी लागते. आमच्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपमेंटचं बजेट सगळे देतात, मेंटेनन्सचं कोणी देत नाही. याचं उत्तर अजिंठ्यात नाही, नाशिकला आहे, आणि ते वाचून मी खरोखर खुर्चीतून उठलो.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहा नंबरचं लेणं आहे. ते दिलं उषवदाताने, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाने. तिथल्या एका लेखात वर्ष ४२ असा उल्लेख आहे. ते शक संवताचं धरलं तर इ.स. १२० च्या आसपास. त्याने काय केलं? ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' ठेवली. नीवी म्हणजे मुद्दल, अक्षय म्हणजे न संपणारं. हे मुद्दल त्याने भिक्षूंच्या हातात दिलंच नाही. गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिलं. एकीकडे २०००, दरमहा शेकडा १ दराने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. वर अट अशी की मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. आणि २००० चं व्याज कशासाठी? लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण, चीवरासाठी.

आता कॅल्क्युलेटर काढा. २००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २०. वर्षाचे २४०. आणि २० भिक्षू गुणिले १२? २४०.

जुळलं! एक छदाम इकडे नाही की तिकडे. उरलेल्या हजाराचं पाऊण टक्क्याने वर्षाला ९० येतं, ते किरकोळ खर्चाला. एकोणीसशे वर्षांपूर्वीची एक्सेल शीट दगडात कोरलेली आहे आणि तिचा फॉर्म्युला अजून चालतो. शिवाय हे सगळं निगमसभेत जाहीर करून तिथल्या फलकावर नोंदवलं असंही लेखात आहे, म्हणजे रजिस्ट्रेशनही झालेलं. एका सुवर्णाला ३५ कार्षापण असा विनिमयाचा दरसुद्धा देऊन ठेवलाय, पुढच्या ऑडिटरला त्रास नको म्हणून. आणि त्या 'पाऊण'साठी मूळ लेखात जो प्राकृत शब्द आहे तो 'पायून'. म्हणजे आपलं पाऊण! मला सातवाहन-क्षत्रपांच्या लढायांनी जितकं त्या काळाजवळ नेलं नव्हतं तितकं या एका शब्दाने नेलं.

असो. विषय भिंतीचा.

पहिल्या हप्त्यानंतर अजिंठ्याचं काम काही शतकं जवळपास थंडावलं आणि मग पाचव्या शतकात जो धडाका उडाला तो आपण बघायला जातो. पद्मपाणी, वज्रपाणी, जातककथा, ती मरणोन्मुख राजकन्या, सगळं या दुसऱ्या हप्त्यातलं. वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातलं. आणि इथे पैशाचं रूपच बदललेलं दिसतं. आता 'अमक्याने भिंत दिली' नाही, एकेका बड्या माणसाने अख्खं लेणं घेतलंय.

सोळावं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचं. त्याचा शिलालेख मोठा आहे, विंध्यशक्तीपासून सगळी वाकाटक वंशावळ, मग स्वतःचं घराणं, बाप हस्तिभोज, आणि मग लेण्याचं वर्णन: खिडक्या, दारं, सुंदर चित्रवीथी. पुण्य मात्र आईवडिलांना अर्पण. याच घराण्याचा लेख जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यातही आहे, सिल्लोड तालुक्यात. सतरावं लेणं या भागाच्या मांडलिक राजाचं. लेखाची पडझड झाली आहे, अभ्यासक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात. त्याचा धाकटा भाऊ रविसांब अकाली गेला आणि त्या दुःखातून हा माणूस दानधर्माकडे वळला असं लेख सांगतो. सतराव्यात चित्रं सगळ्यात जास्त टिकली आहेत. आपण सिंहलावदान आणि वेस्संतर बघत उभे असतो आणि ते सगळं एका भावाच्या मरणाचं आहे हे गाईड सांगत नाही.

सव्विसावं बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचं. साधासुधा भिक्षू नव्हे, अश्मकांचा मंत्री भव्विराज याचा जन्मोजन्मीचा मित्र. त्याच्या स्मरणार्थ हे केलं असं तो सांगतो. आणि त्याच लेखात एक विचार आहे तो असा: जगात जोवर माणसाची कीर्ती आहे तोवर तो स्वर्गात सुखाने राहतो, म्हणून डोंगरात असं काही करावं की जे चंद्रसूर्य असेतो टिकेल. लोगो लावण्यामागचं इतकं प्रांजळ समर्थन मी कुठल्याही ब्रँडिंग गाईडलाईनमध्ये वाचलेलं नाही. पण बुद्धभद्राने एक चांगलं केलं. प्रत्यक्ष काम ज्यांनी करवून घेतलं त्या दोघांची नावं त्याने लेखात घातली, भिक्षू धर्मदत्त आणि त्याचा शिष्य भद्रबंधू. प्रोजेक्ट मॅनेजर आणि टीम लीड. क्लायंटने त्यांना क्रेडिट दिल्याचं उदाहरण विरळाच :)

खर्च किती आला हे कुठे लिहिलेलं नाही. पण भिंत स्वतःच थोडं बोलते. आधी चिखलाचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे धागे. त्यावर चुन्याचा पातळ हात. मग चित्र. लाल, पिवळा, हिरवा हे रंग मातीतून आणि दगडातून येतात, पांढरा चुन्यातून, काळा काजळीचा. हे स्वस्तात होतं. निळा मात्र लाजवर्दाचा, आणि लाजवर्द तेव्हा यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. दहाव्या लेण्यातल्या जुन्या चित्रांत हा निळा नाही. हरिषेणाच्या काळातल्या चित्रांत आहे. त्यामुळे मोठा दाता आल्यावर भिंतीत काय फरक पडतो याचं उत्तर माझ्यापुरतं निळा रंग हे आहे. वर्गणीच्या भिंतीवर निळा परवडत नाही.

मग एवढा पैसा असताना अजिंठा अर्धवट का राहिला? कारण तो अर्धवट आहे. चौथं लेणं इथला सगळ्यात मोठा विहार, माथुर नावाच्या दात्याचा, आणि तो पूर्ण झालेलाच नाही. चोविसावं त्याहून अपुरं. याबद्दल वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाची एक जबरदस्त मांडणी आहे. या माणसाने पन्नासच्या दशकापासून २०१९ साली मरेपर्यंत अजिंठ्याचा पिच्छा सोडला नाही. त्याचं म्हणणं असं की हा सगळा दुसरा हप्ता शतकभर चाललेला नाही, जेमतेम वीस वर्षांचा खेळ आहे. साधारण इ.स. ४६० च्या सुमाराला सुरू आणि ४७७ साली हरिषेण गेला की धाडकन ठप्प. सगळ्यांना स्पिंकचं हे वर्षावर्षाचं गणित मान्य नाही, काही जण काम सहाव्या शतकातही खेचतात. पण गणित बाजूला ठेवलं तरी भिंतींवर जे दिसतं ते दिसतंच.

काय दिसतं? मोठ्या योजना मध्येच तुटलेल्या. आणि मग त्याच लेण्यांत, जिथे मोकळी जागा सापडेल तिथे, कशाचा कशाला मेळ नसलेल्या छोट्या छोट्या बुद्धमूर्ती आणि बुद्धचित्रं. खांबावर, व्हरांड्यात, दाराशेजारी, दुसऱ्याच्या चित्राच्या कडेला. खाली एक-दोन ओळींचे लेख: हे शाक्यभिक्षू अमक्याचं देयधर्म, म्हणजे धर्मदान. यातलं पुण्य आईवडिलांना आणि सगळ्या जीवांना मिळो. स्पिंक या कामांना 'घुसखोर' म्हणतो. त्याच्या मते हरिषेण असेपर्यंत लेण्यात इतरांना मूर्ती-चित्रं टाकायची मुभाच नव्हती, लेणं दात्याचं म्हणजे दात्याचं. दाते पळाले, मजूर आणि चित्रकार अजून तिथेच होते, भिक्षू तर होतेच. मग ज्याला जे जमेल ते त्याने करून घेतलं. चार-दोन वर्षं हे चाललं असेल आणि मग तेही थांबलं.

'घुसखोर' हा शब्द मला काही पटला नाही. आयटीत २००८ ची मंदी ज्यांनी बघितली त्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. फंडिंग गेलं, ऑफिसचे दिवे अर्धे बंद, आणि तरी काही लोक रात्री बसून काहीतरी बनवतायत कारण आता विचारणारं कोणी नाही. कलेच्या दृष्टीने ती चित्रं किरकोळ आहेत, कबूल. पण कान्हकाची 'भिती' आणि या शाक्यभिक्षूंची वीतभर चित्रं ही एका जातीची वाटतात, मधला राजेशाही हप्ता वेगळा. गंमत म्हणजे ज्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी आहे, जे स्पिंकच्या मते खुद्द हरिषेणाचं, त्यात दात्याचा लेखच नाही. सगळ्यात मोठ्या स्पॉन्सरचं नाव भिंतीवर नाही आणि कोणा भिक्षूचं आहे.

आणि अक्षयनीवी? १६, १७ आणि २६ मधले मोठे लेख मी भाषांतरांतून वाचले. कुळ आहे, पुण्य आहे, खिडक्या-दारांचं वर्णन आहे. नाशिकसारखी व्याजाची तरतूद मला त्यांत कुठे दिसली नाही. माझा अंदाज, आणि तो निव्वळ इंजिनिअरचा अंदाज समजा, की अजिंठ्याचा सगळा पैसा भांडवली होता. राजा, मंत्री, मांडलिक या एकाच साखळीतून येणारा. साखळी तुटली की नळ बंद. नाशिकच्या विणकरांना क्षत्रप गेला काय, सातवाहन आला काय, व्याज द्यायचंच होतं. निदान कागदावर. म्हणजे दगडावर.

पुढचं सगळं त्यामानाने भराभर सांगतो. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी दहाव्या लेण्यात पोहोचला आणि त्याने तिथल्या खांबावर एका बोधिसत्त्वाच्या अंगावर आपलं नाव नि तारीख कोरली. भिंतीवर एक पैसा न देता नाव लावणारा हा पहिला प्रसिद्ध माणूस. दुर्दैवाने शेवटचा नव्हे.

१८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांनी चित्रांच्या नकला करायला पैसे मंजूर केले आणि रॉबर्ट गिल कामाला लागला. त्याने वर्षानुवर्षं खपून केलेली मोठाली तैलचित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. १८६६ च्या आगीत ती जळाली, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली. मग १८७२ पासून मुंबई सरकारच्या पैशाने जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी आले, पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. तेरा वर्षं काम चाललं. त्यातल्याही पुष्कळशा नकला १८८५ साली साऊथ केन्सिंग्टनला आगीत गेल्या. बॅकअप एकाच सर्व्हरवर ठेवू नये हे त्यांना दोनदा शिकावं लागलं. नकला करताना स्पष्ट दिसावं म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश फासलं ते निराळंच.

लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ च्या दरम्यान आल्या, त्यांच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हालदार होते आणि हैदराबादकडून सय्यद अहमद. हा मुलूख तेव्हा निजामाचा. निजाम सरकारने १९१४ साली पुराणवस्तू खातं काढून गुलाम याझदानींना त्याचं प्रमुख नेमलं. १९२०-२२ मध्ये चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना आणून चित्रं पक्की करून घेतली. खर्च संस्थानच्या तिजोरीतून. त्यांनी लावलेला लाखेचा थर पुढे पिवळा-काळा पडला हे खरं, पण सुटत चाललेला गिलावा त्यांनीच धरून ठेवला हेही खरं. तो थर काढायचं काम भारतीय पुरातत्त्व खात्याच्या राजदेव सिंह यांनी १९९९ पासून हळूहळू केलं, आणि दहाव्या लेण्यातले दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे पुन्हा दिसायला लागले. मधल्या काळात रस्ते, पाणी आणि पर्यटनासाठी जपानकडून १९९२ आणि २००३ मध्ये पैसे आले. तेही अनुदान नव्हे बरं का, कर्ज.

थोडक्यात, रंगवायला जितके दाते मिळाले त्याहून जास्त नकलेला मिळाले, आणि पुसायला नि जपायला सगळ्यात कमी.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं. नाशिकच्या हिशोबाला "वा!" म्हणाले, तोंडी गुणाकार करून पडताळा घेतला आणि मग मुद्द्यावर आले. वर्गणी सुरू झाली होती. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी दिले, बचत गटाच्या बायकांनी दिले, पुण्या-संभाजीनगरला कंपनीत असलेल्या पोरांनी दिले. दुकानांच्या पाट्या आणि 'पाणी अडवा, पाणी जिरवा' रंगवणारा तालुक्याचा एक पेंटर निम्मे पैसे ॲडव्हान्स घेऊन तयार झाला होता. फक्त तो निळ्या रंगावर अडून बसला होता, म्हणे बाहेरच्या भिंतीवर चांगल्या कंपनीचा निळा घेतला नाही तर दोन उन्हाळ्यांत उडतो, आणि तो महाग पडतो. मी हसलो. मामांना कळेना का हसलो.

"अन् नावांचं काय करायचं?" मामा म्हणाले. "एक म्हणतो पाच हजारांच्या वरच्यांचीच लिहा. मग त्या वीस रुपये देणारीचं काय? सगळ्यांची लिहायची तर भिंत नावांनीच भरून जाईल."

"मामा, चित्राखाली बारीक अक्षरात. ज्याने जो विषय सुचवला त्या पोराचं नाव आणि ज्यांनी ती चौकट दिली त्यांचं."

"चौकटी पाडायच्या म्हणतो?"

"हो. आणि थोडे पैसे बाजूला ठेवा, दर दिवाळीला हात फिरवायला. बचत गटाकडे ठेवा. मुद्दल परत मागायचं नाही."

"अन् व्याज?"

"दरमहा शेकडा पाऊण."

मामा मोठ्याने हसले. बचत गट याहून जास्त देतो म्हणाले, दोन हजार वर्षांत दर वाढलाय. मग मला विचारलं, तू कोणती चौकट घेतो. मी म्हटलं ती आजीचं घर पाडल्याची, कोणी घेतली नसेल तर. कोणीच घेतली नव्हती. पैसे तिथल्या तिथे फोनवरून पाठवले.

"आले," मामा म्हणाले. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. "पावती कोणाच्या नावानं फाडू?"

"आईच्या," मी म्हटलं.